हात मांडीवर

अप्पांचा कॉम्प्युटर रुसला नाही असा आठवडा जात नसे, आणि त्यात कॉम्प्युटरचा दोष क्वचितच असे. उभा जन्म लोकांच्या घरचे विजेचे मीटर तपासण्यात गेलेला माणूस. घरातून बाहेर पडताना मेन बटण खाली ओढायचं ही हाडात मुरलेली सवय. कॉम्प्युटर त्या वेळी काय करत होता याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. दुसऱ्या दिवशी पडदा नुसताच निळा दिसला की पारा चढायचा आणि फोन जायचा ठकीला.

ठकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायची. तिनं अप्पांच्या कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्रॅम घालून दिला होता, त्यातून तिला तिकडे बसून इकडचा कारभार चालवता यायचा. अप्पांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायचा, की पडद्यावरचा बाण आपोआप चालू लागायचा. पंचाईत एवढीच, की अप्पांना स्वस्थ बसवायचं नाही. बाण भलतीकडे निघालाय असं वाटलं की ते माउसवर झडप घालायचे. मग ती ओढणार एकीकडे, हे ओढणार दुसरीकडे, आणि बाण मधल्यामधे थरथरत राहणार.

"अप्पा, हात मांडीवर," ठकी म्हणायची.

मग एवढे मोठे अप्पा हात मांडीवर ठेवून मुकाट बसायचे. काम झालं की ती बाणानं त्या जागेभोवती एक गोल काढायची, म्हणजे आता तुम्ही धरा. आणि निघताना बाण खाली कोपऱ्यात, घड्याळाच्या आकड्यांवर नेऊन ठेवायची.

हे सगळं चाललेलं असताना मागे स्टुलावर ठकीची आई बसलेली असे. तिचा प्रश्न ठरलेला, "जेवलीस का गं?" ठकी कामात असली की तिला ऐकू येत नसे की तिला ऐकायचंच नसे, देव जाणे. ती नुसतं "हं" म्हणायची. ताप उतरला का, हं. सुट्टी मिळाली का, हं.

"हिला विचार, घर पेटलंय का. तरी हं म्हणेल," अप्पा म्हणायचे, आणि फोनमधून ठकीचं हसू यायचं.

पुढे आईची नजर अधू झाली. पडद्यावर उजेड आहे एवढंच तिला कळे, अक्षर लागत नसे. वाचनाशिवाय ही बाई अर्धी होऊन जाईल हे ठकीनं ओळखलं. ती रोज थोडं थोडं पुस्तक मोठ्यानं वाचून स्वतःचा आवाज भरून ठेवू लागली. अप्पांच्या पडद्यावर तिनं पिवळ्या कप्प्याचं एक चित्र करून दिलं. त्यावर दोनदा टिचकी मारली की आजचं वाचन सुरू. मधेच ठसका लागला तर तोही त्यात असायचा, मागे कुणी दार वाजवलं तर तेही. दुपारची भांडी झाली की आई स्टूल ओढून बसायची, आणि मग तासभर घरात ठकी असायची.

आणि मग ठकी गेली. दोन दिवसांसाठी घरी यायला निघाली होती, वाटेत गाडी उलटली. भेटायला आलेला प्रत्येक जण एकच सांगून गेला, "जागच्या जागी गेली हो. तिला काही कळलंसुद्धा नसेल." आईनं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला तीच सांगू लागली, काही कळलं नाही तिला, तेवढं देवानं बरं केलं. त्या वाक्याच्या जोरावर ती चार घास खात होती, झोपत होती. अप्पा मान हलवायचे. त्यांनी जन्मभर स्वतः आकडा पाहिल्याशिवाय सही केली नव्हती, आणि इथे तर कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. पण हे बायकोला सांगायचं कुठल्या तोंडानं?

दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी आई आपणहून स्टुलावर येऊन बसली. "लावा," म्हणाली.

अप्पांनी पिवळ्या कप्प्यावर टिचकी मारली. आवाज आला नाही. पांढरी चौकट आली. खातेदाराने पुन्हा प्रवेश करणे आवश्यक आहे.

अप्पांनी चौकट परत वाचली. त्यांची समजूत होती की तो कप्पा आपल्याच कॉम्प्युटरमध्ये आहे, आपल्याच घरात. तो नुसता दरवाजा निघाला. आवाज सगळा ठकीच्या खात्यात, कुठल्याशा कंपनीच्या कोठारात. पासवर्ड ठकीला ठाऊक. तो बदलायचा तर आकडे यायचे ठकीच्या फोनवर, आणि फोन तिच्याबरोबरच चिरडला होता. खाली बारीक अक्षरांत आणखी एक गोष्ट होती. वापरात नसलेलं हे खातं महिनाअखेरीला कायमचं पुसलं जाईल.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"काही नाही. नेट गेलंय," अप्पा म्हणाले.

त्या दिवसापासून अप्पा खुर्चीला चिकटले. कंपनीच्या पानावर मदतीची एक चौकट होती. नमस्कार, मी तुमची काय मदत करू, असं त्यात आपोआप उमटायचं. अप्पांनी एका बोटानं टाइप केलं, माझी मुलगी वारली आहे. उत्तर आलं, हे वाचून वाईट वाटले, कृपया खातेदाराला स्वतः संपर्क करायला सांगा.

अप्पांनी चष्मा काढून पुसला. परत टाइप केलं, परत तेच. मृत्यूचा दाखला पाठवला, तो अस्पष्ट ठरला. खिडकीशी उजेडात धरून नवा फोटो काढला, तर म्हणे मोठा झाला. छोटा करून पाठवला, तर म्हणे आपली वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. फोन लावला तर बासरी वाजत राही आणि एक बाई अधूनमधून सांगे की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. "मग उचल की, बाई," अप्पा तिला म्हणत. शेवटी एकदा खरा माणूस मिळाला. बिचारा भला होता. म्हणाला, काका, मला सगळं समजतंय, पण मला ते खातं उघडता येत नाही हो. अप्पांनी त्याला "बरं बाळा" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर टेबलावर डोकं टेकून रडले, आईला ऐकू जाऊ नये म्हणून बाही तोंडात धरून.

डोकं वर केलं तेव्हा बाण खाली कोपऱ्यात, घड्याळाच्या आकड्यांवर होता.

आपणच सरकवला असणार, असं त्यांना वाटलं. पण दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आले तरी तो तिथेच. मधोमध आणून ठेवला, उठले, वळून पाहिलं, परत कोपऱ्यात. अप्पांनी माउस उलटा करून पुसला. टेबलाची काच चकाकते म्हणून खाली पुठ्ठा घातला. दुसरा माउस जोडला. बाण मुकाट्यानं, अगदी सावकाश, कोपऱ्यात जाऊन बसायचा. कारणाशिवाय काही हलत नाही असं मानणारा माणूस, त्यानं रिपेअरवाल्याला बोलावलं.

रिपेअरवाला बडबड्या होता. "काका, लांबून चालवायचा प्रोग्रॅम पडलाय तुमच्यात. कुणीतरी शिरत असेल त्यातून," म्हणाला.

"तो माझ्या मुलीचा आहे."

"मग त्या शिरत असतील," तो हसत म्हणाला. त्यानं प्रोग्रॅम काढून टाकला, नेटची वायर उपसून ठेवली. मग इकडेतिकडे बोट दाखवत राहिला. पंखा घाण झालाय, माइक तर मेलेलाच आहे, याच्यात बोललेलं काही शिरायचं नाही, नवा बसवू का?

"नको. आम्ही फोनवरच बोलायचो," अप्पा म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावरचा बाण निघाला. वायर रिपेअरवाल्याच्या हातात होती आणि माउस टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. बाण तिरपा खाली गेला आणि आकड्यांवर थांबला. रिपेअरवाल्याची बडबड बंद झाली. त्यानं वायर परत खोचली, पिशवी आवरली, "जुनी मशीन आहे, काका, असं होतं," असं म्हणत चपला पायात नीट न घालताच जिना उतरला. त्याचा पेचकस टेबलावरच राहिला. न्यायला तो कधी आला नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. अप्पांनी सकाळपासून पुन्हा सगळं करून पाहिलं, दाखला, फोटो, चौकट, बासरी. दुपार झाली. आईनं भांडी आवरली, हात पुसत आली आणि स्टुलावर बसली.

"आज तरी आलं का नेट?" तिनं विचारलं.

अप्पांना आता खोटं बोलवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं. आज हे नाही उघडलं तर संध्याकाळनंतर ठकीचा आवाज जगात कुठेच उरणार नाही.

आई ओरडली नाही की रडली नाही. "मला तिचा चेहरासुद्धा आता नीट आठवत नाही हो," एवढंच म्हणाली. "फोटो दिसत नाहीत. आवाज तेवढा होता."

बाण हलला.

या वेळी तो कोपऱ्यातून बाहेर आला. अप्पांचा हात सवयीनं माउसकडे गेला, आणि मधेच थांबला. त्यांनी तो मागे घेतला. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

बाण पिवळ्या कप्प्याजवळ आला. उघड, बाई, उघड. बाण कप्प्यावरून तसाच पुढे गेला.

"अगं तिकडे कुठे? हे इकडे आहे," अप्पा कळवळून म्हणाले. बोटं मांडीत रुतली, पण हात त्यांनी उचलला नाही.

"कोण आहे?" आईनं विचारलं.

बाणानं कॉम्प्युटरमधला आवाज भरायचा प्रोग्रॅम उघडला. अप्पांनी तो जन्मात कधी वापरला नव्हता. लाल ठिपका पेटला. बाणानं त्याच्याभोवती एक गोल काढला.

आता तुम्ही.

अप्पांनी मान वळवून हळूच सांगितलं, "आवाज भरतोय. तिला काहीतरी बोल."

आईनं कोण, कुठे, कसं, काही विचारलं नाही. पदर सारखा केला, थोडी पुढे सरकली, आणि म्हणाली, "जेवलीस का गं?"

पंख्याची घरघर तेवढी.

अप्पांना पुष्कळ बोलायचं होतं. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. त्यांच्या मनात एकच प्रश्न होता, आणि तो बायकोच्या देखत मेलं तरी विचारता आला नसता. ओठ घट्ट मिटून ते ठिपक्याकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळानं ठिपका विझला. पडद्यावर भरलेल्या आवाजाचं एक नवं चित्र उमटलं. बाण कोपऱ्यात गेला, आणि तिथून परत हलला नाही.

संध्याकाळी अप्पांनी पिवळ्या कप्प्यावर टिचकी मारली. असे कोणतेही खाते अस्तित्वात नाही.

मग आईच म्हणाली, "मगाचचं ते लावा."

"त्यात काही नसणार. माइक मेलाय," अप्पा म्हणाले.

"लावा हो."

त्यांनी लावलं. पंख्याची घरघर ऐकू आली. स्टूल सरकल्याचा आवाज. मग आईचा, स्वच्छ. "जेवलीस का गं?"

थोडं थांबून, जवळून, कामात असल्यासारखं:

"हं."

आईनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "तीच," म्हणाली. "तीच आहे हो." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली. अप्पांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचाही चेहरा ओला झाला होता.

पंखा घरघरत राहिला. आवाज बंद करावा म्हणून अप्पा माउसकडे वळले.

आणि स्पीकरमधून त्यांचा स्वतःचा आवाज आला. खालचा, घोगरा, आवंढा गिळत बोलणारा.

"खूप दुखलं का गं, बाळा?"

अप्पांचा हात माउसवर होता. एक टिचकी मारली असती तर बंद झालं असतं. त्यांनी हात मांडीवर घेतला.

पंख्याचा आवाज. कितीतरी वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"हं."

आईचं हसू हळूहळू उतरलं. तिनं आपली अधू नजर अप्पांच्या बाजूला वळवली.

"हे तुम्ही कधी विचारलंत?" ती म्हणाली. "मी इथेच बसले होते."