पावणेचारची अबोली

"आज चाळणी काढून बघू या," असं फिरोज मुजावर प्रयोगशाळेत आल्या आल्या म्हणाला, तेव्हा रेवा खाडिलकरने कपाळाला हात लावला. चाळणी तिनेच बसवली होती. त्यांची 'मनवेध' प्रणाली समाजमाध्यमांवरचं लिखाण वाचून उदासीची चाहूल घेई, आणि वाचण्याआधी सुप्रभातचे सगळे संदेश कचऱ्यात टाकी. आपल्या लोकांची एवढी फुलं आणि सुविचार रोज वाचले तर यंत्रच उदास होईल, असं रेवाचं ठाम मत होतं.

तरी तिने चाळणी काढली. चारशे स्वयंसेवकांनी लेखी परवानगी दिली होती. नावं झाकून प्रत्येकाला क्रमांक दिला होता. दहाच मिनिटांत पडद्यावर उदासीचा इशारा देणारा एक तांबडा ठिपका उगवला. मग आणखी सहा.

"शब्दांत तर काहीच दिसत नाही," रेवा म्हणाली.

"शब्द सोड, वेळ बघ." फिरोजने खुर्ची पुढे ओढली. "क्रमांक दोनशे बारा. मार्चपर्यंत रोज सहाला सुप्रभात. मग पाच, मग साडेचार. आता पावणेचार."

उदासीत भल्या पहाटे जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही, हे दोघांनाही पाठ होतं. "आणि हे आपण फेकून देत होतो," रेवा म्हणाली.

"आपणच काय, त्यांची माणसंही. खाली बघ."

खाली कौतुकाचा पाऊस होता. 'केवढी ही शिस्त', 'ब्राह्ममुहूर्ताचा मान तुमचाच', वर टाळ्या. फिरोज हसत सुटला. तीन वर्षं शोधलेली खूण सुप्रभातमध्ये लपली होती, आणि रेवाला चक्क नाचावंसं वाटत होतं. तिने त्या क्रमांकाचा आजचा फोटो मोठा केला.

तळ गेलेल्या कुकरात लावलेली अबोली.

आई गेल्यावर तो कुकर तिच्या वडिलांनी, आप्पांनी, मोडीत घालू दिला नव्हता. त्यांना स्वयंसेवक तिनेच केलं होतं. आणि आज सकाळी याच फोटोला तिनेही टाळ्या दिल्या होत्या. ती शरमली. फोन समुपदेशकाने करायचा, हा नियम बाजूला ठेवून तिने तासगावला फोन लावला.

"आप्पा, पावणेचारला उठून काय करता हो?"

"चहा ठेवतो. कधीकधी दोन कप होतो बघ." मग ते म्हणाले, "तिकडं तुला कळतंय होय गं हे?"

"यंत्राला कळलं, आप्पा. मला नाही."

रविवारी तिच्यासोबत डॉक्टरांकडे जायचं त्यांनी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी अबोली आली ती सहाला. तांबडा ठिपका पिवळा झाला आणि फिरोजने सगळ्या विभागासाठी चहा सांगितला. रेवालाही भरून आलं. मग तिने वेळ पुन्हा पाहिली. सहा म्हणजे सहाच, एक मिनिटही इकडे-तिकडे नाही.

आप्पांना खरंच झोप लागली होती, की फोन हातात धरून ते सहा वाजायची वाट बघत बसले होते?