तेविसाव्या जागेवरची चूक

साठ मुलींची एक ओळ. पहिलीचा हात वर, दुसरीचा खाली, तिसरीचा पुन्हा वर. प्रत्येकीने फक्त आपल्या पुढचीकडे पाहायचे आणि तिच्या उलट करायचे. नियम इतका सोपा, तरी ओळ रोज मोडत असे. का, हे तुमसरच्या त्या शाळेत कोणालाच कळत नव्हते.

कवायत शिकवणाऱ्या ‘दक्ष’ या यंत्रमानवाने मात्र उत्तर काढले होते.

“आजचा बिघाड तेविसाव्या जागेवर सुरू झाला. जिल्हा संचलनातून निर्झरा कापगते हिला वगळावे.”

“मला शिंक आली होती,” निर्झरा म्हणाली.

“माझ्या तक्त्यात कारणाचा रकाना नाही.”

“माझ्यामागच्या सदतीस जणींचे हातही उलटेच होते. त्यांना का नाही वगळत?”

“त्यांनी नियम पाळला.”

“नियम पाळूनही चुकल्या ना? मग मी नाही निघत. उद्या बोलू.”

तिचे आजोबा तंत्रनिकेतनात धातुशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. निर्झराची तक्रार त्यांनी पूर्ण ऐकली, समजूत मात्र घातली नाही. त्यांनी एक काळा स्फटिक अणुदर्शकाखाली ठेवला. पडद्यावर बाणांची रांग उमटली, प्रत्येक अणूचा एक बाण : एक वर, एक खाली.

“यात संक्रमण धातूचे (लोखंड, मँगनीज, तांबे यांच्या गटातल्या धातूचे) अणू ऑक्सिजनच्या मध्यस्थीने साखळीत बांधलेले आहेत. प्रत्येक अणू म्हणजे इवलासा चुंबक. शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं, एवढंच त्याला कळतं.”

“आमच्यासारखंच की जी.”

आजोबांनी स्फटिकाला किंचित ऊब दिली. एक बाण शेजाऱ्याच्याच दिशेला वळला आणि त्याच्यानंतरचे सगळे पटापट उलटले.

“शेजाऱ्यांचं तोंड एकाच दिशेला, म्हणजे भांडण. ते किती जागी झालं?”

निर्झराने बोट फिरवून पाहिले. “एकाच. बाकीच्यांचं आपापल्या शेजाऱ्याशी पटतंय.”

“म्हणून त्यांना काही खटकत नाही. एका भांडणाला अगदी थोडी ऊर्जा लागते, आणि साखळी लांब असली की जागा पुष्कळ. जराशी ऊब असली तरी कुठे ना कुठे ते होणारच. आता दोष कोणत्या अणूला देशील?”

आजोबांनी दुसरा स्फटिक ठेवला. त्यात साखळ्या एकमेकींना खेटून होत्या. इथेही एक बाण चुकला, पण नंतरच्यांना उलटता येईना. उलटावे तर बाजूच्या साखळीशी प्रत्येक जागी भांडण. थोड्याच वेळात चुकलेलाही सरळ झाला.

“हा चुंबकीय क्रम (दूरवर टिकून राहणारी मांडणी). तो शेजाऱ्यांच्या आधारावर उभा असतो.”

दुसऱ्या दिवशी निर्झरा आपण होऊन ओळीबाहेर उभी राहिली. “दक्ष, माझ्याशिवाय दहा वेळा घे.”

ओळ आठ वेळा मोडली. कधी एकेचाळिसाव्या जागी, कधी सहाव्या, कधी बावन्नाव्या.

“माझंही नाव लिही आता,” यामिनी शहारे कुरकुरली. “गाल खाजवला मी.”

“सगळ्यांना वगळलंस तर संचलनात तू एकटाच जाशील,” निर्झरा दक्षला म्हणाली. मग तिने दहा-दहा जणींच्या सहा ओळी खेटून उभ्या केल्या आणि स्वतः आत शिरली. “पुढचीकडे पाहा, दोन्ही बाजूंनाही पाहा. पटलं नाही तर जास्त जणींच्या उलट करा.”

तिसऱ्या ओळीत यामिनी चुकली. तिच्या मागची क्षणभर घोटाळली, बाजूला पाहून बरोबर राहिली. यामिनीनेही गुपचूप हात बदलला. दहाही वेळा मांडणी टिकली.

दक्षने हिशेब केला. “निर्झरा कापगते संघात राहील. परंतु ऊन आणि गोंगाट फार वाढल्यास ही मांडणीही मोडेल.”

“मोडेल ना. प्रत्येक स्फटिकाचं तसं एक तापमान असतं, आजोबा आणि मी ते मोजणार आहोत. आपलंही मोज.” तिने बाजूच्या मुलीच्या उलट हात वर केला. “मांडणी किती उन्हात मोडली ते तक्त्यात लिही. मुलीचं नाव लिहायचं नाही.”