बाही कुठे सुरू होते?

“भिजल्या चिंचेच्या रंगाचं अस्तर दाखवा,” शेजारी उभा असलेला माणूस दुकानदाराला म्हणाला आणि कापड चाचपणारा माझा हात जागीच थांबला.

कारण भिजल्या चिंचेचा रंग बाजारात नसतोच. राजमंड्रीच्या ताडितोटातल्या कापडबाजारात तपकिरी मिळतो, कॉफी मिळतो, चॉकलेटी मिळतो. भिजली चिंच फक्त माझ्या तोंडची. परवाच्या व्हिडिओत मी तसं म्हणाले होते. आणि व्हिडिओत माझा चेहरा कधीच नसतो... दोन हात, एक कात्री आणि आवाज, बस.

मी हळूच मान वळवली. तिशीच्या आतला असेल. सावळा, उंच. शर्टाच्या बाहीला ओली माती आणि अंगाला शेवंतीचा वास. कापडाच्या दुकानात – शेवंती!

“कुणासाठी घेताय?” मी विचारलं.

तो गर्रकन वळला. पण बघितलं कुठे? माझ्या तोंडाकडे नाही, थेट डाव्या हाताकडे. मी डावखुरी आहे.

“तुम्ही...” तो अडखळला. “तुमची बाही... एकोणिसाव्या मिनिटाला सुरू होते.”

एवढं बोलला आणि असा लाजला की अस्तर न घेताच पायऱ्या उतरून गेला.

“कोण हो हा?” मी दुकानदाराला विचारलं.

“नाव नाही ठाऊक. अधूनमधून येतो. अस्तर मागणारा पुरुष म्हणजे शिंपी तरी असतो, नाहीतर बायकोचा गुलाम.”

हा दोन्ही नव्हता. हा ‘रेवु’ होता.

मी जरा संशयी आहे. दूधवाल्यानं माप सांडेपर्यंत दूध घातलं, तर मी आनंदत नाही. आज पाणी किती घातलंय, असा विचार करते. त्यात माझा धंदा असा. मी ब्लाउजचं कटिंग शिकवते, आणि शिकवता शिकवता गप्पा मारते, त्यामुळे व्हिडिओ मारुतीच्या शेपटासारखे वाढतात. बायका व्हिडिओखाली लिहून ओरडायच्या, “अक्का, बाही कुठे सुरू होते?” “हैमाक्का, गळा सापडेना!” मग एके दिवशी ‘रेवु’ नावाचं कुणीतरी प्रत्येक व्हिडिओखाली सगळ्या वेळा लिहायला लागलं. माप इथे, पाठ इथे, मुंढा इथे, बाही इथे. निळ्या आकड्यावर बोट ठेवलं की व्हिडिओ तिथेच उडी मारतो. बायकांनी ‘रेवु’ला आशीर्वादांनी नुसतं न्हाऊ घातलं. रेवु म्हणजे आमच्याकडे घाट. गोदावरीकाठची कुणी रिकामी मावशी असेल, असं मी धरून चालले होते.

आणि आता मावशीला मिशा फुटल्या.

“पुरुष?” मंगतायारु वदिनेच्या हातातलं उलथणं हवेतच राहिलं. वदिना म्हणजे माझ्या भावाची बायको. माझे व्हिडिओ तीच काढते. तव्यावर पेसरट्टू, आमचा मुगाचा डोसा, करपत होता. “पुरुष माणूस तासन्‌तास ब्लाउज बघतो? पोरी, दोनच जातीचे लोक असं करतात. एक, चोर.”

“आणि दुसरे?”

“दुसरे त्याहून वाईट.”

चोराचं भय खरंच होतं. दिवाळीच्या आसपास कुणीतरी माझ्या व्हिडिओचे तुकडे कापून आपल्या नावानं लावले होते. माझेच हात, माझंच शिकवणं, वर दुसऱ्याच बाईचा आवाज. लोक उलट मलाच विचारत होते, तुम्ही त्यांची नक्कल करता का? त्या आठवड्यात मी कात्रीला हात लावला नव्हता.

“चोर आधी मापं घेतो,” वदिना म्हणाली. “कुठे काय आहे ते लिहून ठेवतो, मग कापतो. दिसायला कसा होता?”

“तुला काय करायचंय?”

“पोलिसांनी विचारलं तर सांगायला नको?”

“...बरा होता.”

वदिनेनं उलथणं खाली ठेवलं. “अरे देवा. मग तर फारच वाईट.”

त्या दुपारी मी ‘रेवु’च्या सगळ्या वेळा पुसल्या आणि त्याला कायमचा बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून बायकांचा गोंगाट सुरू झाला. अक्का, वेळा कुठे गेल्या? चिडून मी स्वतः बसले, सगळं लिहून काढलं. पण व्हिडिओखालच्या पट्टीचे भागवार कप्पे काही पडेनात. आकडे बरोबर, नावं बरोबर, तरी पट्टी आपली सलगच्या सलग. दोन दिवस डोकं आपटलं. आणि गंमत अशी की... स्वतःचा आवाज इतका वेळ ऐकताना एकच गोष्ट मनात येत होती – हे सगळं तो ऐकतो. माझं खोकणं, माझं गुणगुणणं. आपोआप पदर सावरला जायचा. घरात एकटी असताना!

पुढच्या आठवड्यात पुन्हा ताडितोटात गेले, तर दुकानाच्या पायरीवर तोच.

“चोरासारखे बसलात,” मी म्हटलं.

“चोर बसत नाहीत. पळतात.”

“गेल्या वेळी पळालात की!”

तो हसला, अर्धं हसू कॉलरमध्येच लपवलं. “मला बंद केलंत तुम्ही.”

“केलं. कोण आहात?”

“सत्तिबाबु. कडियमला रोपवाटिका आहे आमची. गुलाबाची कलमं करतो.”

“कलमं करणाऱ्याला माझा गळा कशाला हवा?” बोलून गेले आणि कानाच्या पाळ्या तापल्या. “ब्लाउजचा गळा!”

“मी ब्लाउजचाच समजलो,” तो गंभीरपणे म्हणाला. डोळे मात्र अजिबात गंभीर नव्हते. “तुम्ही स्वतः लिहिलेल्या वेळांचे कप्पे पडत नाहीयेत, हैमागारू. त्यासाठी पहिली ओळ शून्य मिनिटाची लागते. तुम्ही एकदम मापापासून सुरू केलंत.”

“म्हणजे दुसऱ्या नावानं बघताय अजून!”

“अम्माच्या फोनवरून. अम्मा तुमच्यावर फार रागावलीय. म्हणाली, त्या पोरीला घेऊन ये, नाहीतर जेवायला घरी येऊ नकोस.”

‘माझ्या आईला भेटा’ हा डाव कृष्णाच्या काळापासूनचा असणार. तरी मी गेले. एकटी नाही – वदिनेला घेऊन. तो मोटरसायकलवर पुढे, आम्ही रिक्षात मागे. वदिनेनं त्याच्या गाडीचा नंबर माझ्या भावाला कळवला आणि पर्समधली तिखटाची पुडी मांडीवर काढून ठेवली.

कडियमला झेंडूच्या वाफ्यांमागे कौलारू घर होतं. ओसरीवर बुटक्या टेबलाशी एक बाई बसल्या होत्या. केस पांढरे, कुंकू मोठं. उजवा हात मांडीवर असा पडलेला, जसा दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिलाय. डाव्या हातात कात्री. समोर खाकी कागद अर्धा कापलेला, कडा उंदरानं कुरतडल्यासारखी.

“आलीस?” मला बघताच त्या कडाडल्या. “माझा गळा कुठे ठेवलास?”

त्या रामतुलसम्मा. कडियमच्या कितीतरी नवऱ्या मुली त्यांनी शिवलेला ब्लाउज घालून बोहल्यावर चढल्या होत्या. मग एका सकाळी उजवी बाजू गेली. जीभ सुधारली, पाय सुधारला, हात राहिला.

“सगळं जग उजव्या हातानं शिकवतं गं,” त्या म्हणाल्या. “डाव्या हातानं कापणारी तू एकटी सापडलीस. पण माझं बोट थरथरतं. मागे सरकवायला जावं तर व्हिडिओ पहिल्यापासून. की तू पुन्हा ‘नमस्कारम्’ म्हणतेस. दिवसातून किती वेळा तुझा नमस्कार घ्यायचा मी? म्हणून ह्याला म्हटलं, वेळा लिही. आकड्यावर एकदा टेकवलं की झालं. आणि तू पुसून टाकल्यास!”

मी त्यांच्याशेजारी बसले. कात्री बघितली... साधी, उजव्या हाताची. डाव्या हातात ती रेघ झाकते आणि तळव्याला चावते. मी पिशवीतून माझी काढून त्यांच्या बोटांत घातली. “हळू. मनगट नाही, खांद्यापासून.” दोन डावे हात एका कागदावर चालले. वळण आलं, गळा गोल सुटून खाली पडला. रामतुलसम्मा त्याच्याकडे बघत राहिल्या, मग तोंड फिरवून म्हणाल्या, “धूळ किती येते ह्या ओसरीवर.”

वदिना मात्र तपासाला आली होती. तिनं अम्मांचा फोन उघडून त्यात सत्तिबाबुनं लिहून ठेवलेल्या वेळा वाचायला घेतल्या होत्या.

“अम्मागारू, एक विचारू? ‘तेहेतिसावं मिनिट – मांजर येतं, त्या हसतात.’ ‘बावन्न – त्या गुणगुणतात.’ हे शिवायला कशाला लागतं?”

व्हिडिओखाली असलं काही त्यानं कधी लिहिलं नव्हतं. मी मान वर केली.

“मी कुठे सांगितलं ते?” अम्मा म्हणाल्या. “मला गळा, मुंढा आणि बाही. मांजर घेऊन मी काय करू?”

सगळ्यांनी सत्तिबाबुकडे बघितलं.

“रोपांना पाणी घालायचं राहिलंय,” तो उठला.

“आत्ताच घातलंस की,” अम्मा म्हणाल्या. पण तो वाफ्यांत पोचला होता.

मी मागोमाग गेले. तो गुलाबाच्या रांगेत उभा होता, कोरडी झारी हातात घेऊन.

“किती वेळा बघितलंत ते तेहेतिसावं मिनिट?”

“मोजलं नाही.”

“खोटं.”

“...मोजायचं सोडून दिलं.” त्यानं झारी खाली ठेवली. “पहिल्यांदा अम्मासाठी बाहीच शोधत होतो, देवाशपथ. मधेच तुम्ही हसलात. मग बाही राहूनच गेली.”

“चेहरा न बघता?”

“कलम बांधताना फूल कुठे दिसतं? फांदीवरचा नुसता डोळा बघतो आम्ही... आणि बांधतो.”

वारा गोदावरीकडून येत होता. मी पदर घट्ट धरला, उगीचच. “हे सगळ्यांना सांगता?”

“सगळ्यांचे व्हिडिओ इतके लांब नसतात.”

हसू आलं, पण मी दाखवलं नाही. “माझा विश्वास पटकन बसत नाही, सत्तिबाबु.”

“सावकाश बसू दे,” तो म्हणाला. “गुलाबालाही मी कधी घाई केली नाही.”

मग मी दर गुरुवारी कडियमला जायला लागले, अम्मांना शिकवायला. वदिना यायची सोबत. आधी तिखटाची पुडी घेऊन, मग अरिसेलूंचा, म्हणजे आमच्याकडच्या अनारशांचा, डबा घेऊन. माझे तुकडे चोरणारं कोण होतं, ते आजतागायत कळलं नाही. पण ते तो नव्हता, हे एके दिवशी वदिनाच मला समजावत होती, जणू संशय माझाच होता.

उगादीच्या आधी अम्मांनी डाव्या हातानं अख्खा ब्लाउज पुरा केला. तो मला द्यायला सत्तिबाबु आमच्या दाराशी आला. शिवण जरा वाकडी होती, पण उसवणार नाही अशी. मी ती उलटसुलट करून बघितली. बराच वेळ बघितली... कारण वर बघायचा धीर होत नव्हता.

“रविवारी माझा भाऊ घरी असतो,” मी शिवणीलाच सांगितलं. “तुम्ही अम्मांना घेऊन या.”

तो एकदम सावध झाला. “का? काही चुकलं का आमचं?”

“नाही.”

“मग अम्मा कशाला? ब्लाउज परत करायचाय? भावाला काही सांगायचंय? स्पष्ट सांगा, हैमागारू, मला झोप नाही येणार.”

मी वर बघितलं. बिचारा घामाघूम झाला होता.

“एवढा संशय बरा नव्हे,” मी म्हटलं. “मुलगी मागायला येताना आणतात, तशी फळं आणि फुलं घेऊन या.”