काळा पडदा, निळं पाणी

“काढा, फोटो काढा!” यंत्र बसवणारे क्वोक साहेब टाय सावरत ओरडत होते. “उन्हावर खारं पाणी गोडं करणारं यंत्र! जिल्ह्यात पहिलंच!”

“पण ऊन कुठंय?” त्रिएत कुजबुजला.

दियेम फिस्सकन हसली. सकाळपासून आभाळ झाकोळलेलं. तरी कालव्याकाठच्या त्या यंत्राच्या नळाला धो धो पाणी!

त्रिएत तेतच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या, सुट्टीसाठी सायगावहून मामाच्या गावी आला होता. तो, मामेबहीण दियेम आणि तिचा धाकटा भाऊ बाओ यंत्राच्या काचेच्या झाकणाला नाकं लावून उभे राहिले. आत खाऱ्या पाण्यावर नॅनो-कार्बनचा काळा पडदा तरंगत होता. उन्हात तो तापतो, पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं आणि वाफेचे थेंब काचेवरून घरंगळत नळात उतरतात. साहेबांनीच शाळेत तासभर भाषण ठोकून हे सांगितलं होतं.

“काच तर ठणठणीत कोरडी आहे!” बाओ म्हणाला.

“ए, हात नको लावूस!” साहेब खेकसले. “हे विज्ञान आहे. पोरासोरांचं काम नव्हे!”

“साहेबांचं तरी कुठंय?” त्रिएत पुटपुटला.

समुद्राचं पाणी आत शिरून कालवा खारट झाला होता. प्यायला उरलं होतं ते शाळेमागच्या रांजणांतलं पावसाचं पाणी, आणि तेही भराभर आटत होतं! गावचे म्होरके साउ आजोबा हैराण झाले होते. शेजारी शेजाऱ्याला चोर म्हणू लागला होता.

“मला वाटतं, चोर टाय लावतो,” दियेम म्हणाली.

तिघं केळीच्या झाडांमधून सरपटत यंत्रामागे गेले. माडाच्या वाळक्या झावळ्या उचलल्या, तर खाली रबरी नळी! ती थेट शाळेमागच्या एका रांजणात उतरली होती.

“शी! एवढी मिजास, आणि शेवटी नळी?” त्रिएत म्हणाला.

“आजोबांना सांगू या!” बाओ उठलाच.

“साहेब म्हणतील, पोरांनीच टाकली. थांब.” दियेमनं घरून गोकर्णाची वाळकी फुलं आणली. आई त्यांनी भात रंगवायची. फुलांची पुरचुंडी त्या रांजणात सोडली.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे पाहुणे आले. साहेबांनी ऐटीत नळ उघडला. निळंशार पाणी!

“ही... ही कार्बनची प्रक्रिया आहे!” साहेब चाचरले.

“वाफेबरोबर रंग वर चढत नाही, साहेब!” त्रिएत म्हणाला. “आम्हाला सहावीतच शिकवलंय!”

बाओनं झावळ्या भिरकावल्या. नळी पाहून साउ आजोबांचा चेहरा लालबुंद झाला. “आमच्या तोंडचं पाणी पळवलंस? माणसं एकमेकांवर धावून गेली रे तुझ्यापायी!”

“यंत्र आठवड्यात बंद पडलं,” साहेब रडवेले झाले. “नाचक्की झाली असती...”

दियेमनं झाकण उघडलं. पडद्यावर मिठाचा पांढरा थर!

“कधी धुतलात का हा?”

“धु... धुवायचा असतो?”

“आणि म्हणे विज्ञान!”

मुलांनी हलक्या हातानं पडदा कालव्यात खळबळला, मीठ विरघळवलं आणि जागेवर ठेवला. आज ऊन कडक होतं. जेवणं होईतो काचेवर दव पडल्यासारखे थेंब जमले. नळातून बारीक धार लागली, पण खरी!

साउ आजोबांनी एक घोट घेतला. “गोडं!” त्यांनी उरलेला पेला बाओच्या हाती दिला आणि पाहुण्यांकडे वळले. “या पोरांनी पाणीही राखलं आणि गावाची अब्रूही! आता रोज सकाळी पडदा क्वोक साहेब धुतील.”

“आणि नीट धुतात का, ते कोण बघणार?” एका पाहुण्यानं विचारलं.

“ही तिघं!”