लाल लोकरीचं पीस

जनरल ओरेस्ते कावात्सानी यांची टोपी रोज सकाळी साडेसहाला झटकायची आणि तिच्यातलं पीस सरळ करायचं, हे हुजऱ्या बोर्तोलोचं काम. बाकीचं युद्ध इतरांनी करायचं.

पहाडी पलटणींचा नियम सोपा होता. साध्या शिपायाला कावळ्याचं काळं पीस, मेजर आणि त्याच्या वरच्यांना हंसाचं पांढरं. पांढरं दिसलं की पहारेकऱ्यानं टाचा जुळवायच्या. खाली डोकं कोणाचं हे बघायचं नाही. कावात्सानींना दर डोंगरामागे एक बढती मिळाली होती. आल्प्स लांबलचक आहे हे त्यांचं नशीब, असं शिपाई म्हणत. शिपायांच्या नशिबाचा विषय कोणी काढत नसे.

सोमवारी टोपीत पीस काळं निघालं.

कोणीतरी थट्टा केली असणार, असं धरून बोर्तोलो मागच्या अंगणात गेला. जनरलांचा मुक्काम पाद्र्याच्या घरी होता. तिथली स्वयंपाकीण ओलिवा हिनं अंगणातल्या हंसाचं एक पीस उपटून दिलं आणि नाताळापर्यंत तो बिचारा उघडा पडेल, असं सुनावलं.

मंगळवारी तेही काळं.

त्या रात्री बोर्तोलोनं नवं पांढरं पीस खोचून टोपी पेटीत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली. बुधवारी पेटी उघडली तर आतून ओल्या बर्फाचा आणि हलक्या तंबाखूचा वास आला. पीस काळं होतं. मधोमध मोडलेलं, आणि मोडल्या जागी लाल लोकर गुंडाळलेली.

ती लोकर आईच्या मोज्याची होती. मागच्या सुट्टीत धाकट्या भावाचं, नानेचं, पीस मोडलं, तेव्हा तिनंच ती गुंडाळून दिली होती. नाने आता वर कड्यावर होता. कालच फोनवर म्हणाला होता, मोजे ओले आहेत, बाकी मी कोरडा. त्या कड्यावरून हल्ला आज अकराला होता.

बोर्तोलोनं चार वर्षांत प्रथमच न विचारता तोंड उघडलं.

"जनरलसाहेब, हे माझ्या भावाचं आहे. तो वर आहे. अजून आहे."

कावात्सानी आरशासमोर उभे होते. त्यांनी टोपी हातात घेतली. बोट त्या लोकरीवर थांबलं, बराच वेळ.

"मला पांढरंच दिसतंय," ते म्हणाले.

"हात लावून बघा, साहेब."

"हा शेवटचा डोंगर, बोर्तोलो. मग मला खाली मोठं ऑफिस मिळेल. मग कोणाला वर पाठवायचं नाही."

मागच्या तिन्ही डोंगरांच्या वेळी ते हेच म्हणाले होते. त्यांनी टोपी चढवली. हल्ल्याच्या हुकमावरची सही नीट आली.

अकराला तोफा सुरू झाल्या. दीडला थांबल्या.

बढतीची तार तीनला आली. जनरलांनी ती वाचली आणि टोपी टेबलावर ठेवली. पीस पांढरंशुभ्र होतं.

चारला खेचरं उतरली. मेलेल्यांच्या टोप्या घरोघरी पाठवायच्या असत. त्या पोत्यांत भरून आणल्या होत्या. एका पोत्याचं तोंड सुटलेलं होतं.

बोर्तोलो दारातच थांबला.

पोत्यात वरपर्यंत पांढरी पिसं होती. सगळ्यात वरचं मध्ये मोडलेलं होतं. त्याला लाल लोकर होती.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं पांढरं पाहिलं, टाचा जुळवल्या आणि शेवटचं खेचर आत जाईपर्यंत सलामीचा हात खाली घेतला नाही.