नाव घेतल्याशिवाय

बायको यमुना गेल्याचं चिंधूजीला पांढुर्णा स्टेशनवर कळलं. नागपूरच्या गाडीला वेळ होता. हातात तिच्यासाठी भाकरीचा डबा होता, आणि पुतणी सोनालीचा दवाखान्यातून फोन आला. तो डबा त्यानं घरी आणून स्वतःच खाल्ला. टाकणार कुठं?

घरात तिचा फोटो होता, आवाज नव्हता. मग सोनालीनंच सुचवलं. सोनालीच्या लग्नात बोरगावला बाहेरची माणसं येऊन बायांची गाणी भरून घेऊन गेली होती. सौंसरच्या वाचनालयातल्या संगणकावर ती ऐकायला मिळत होती.

वाचनालयात संगणक सांभाळायला पंकज होता, इटारसीकडचा. यमुनाच्या नावावर काहीच निघेना. बोरगावच्या नावावर निघालं ते भलतंच. कवी: चिंधू. गायिका: अज्ञात.

"काकाजी, तुम्ही कवी?"

"संत्र्याच्या पेट्या ठोकतो बापा. काहून?"

"शेवटच्या ओळीत तुमचं नाव आहे. आमच्याकडे भजनात तिथं कवीचं नाव असतं. नोंदवाल्यानं तेच धरलं."

"अरे, उखाणा हाय तो! बाई नवऱ्याचं नाव घेते, तवा दारातल्या बाया तिले आत सोडतात. मी फुकटचा कवी झालो न!"

पंकज हसला. त्यानं आवाज लावला.

"आंबिया बहार फुलला, वास भरला दारात,
चिंधूरावांचं नाव घेते, येऊ द्या घरात."

बाया खिदळल्या. चिंधूजीनं खुर्ची संगणकाजवळ ओढली.

"आवाज तिचा, तर नाव बी तिचंच पायजे," तो म्हणाला. पंकजनं तिथल्या तिथं नोंद बदलली. गायिका: यमुना.

दुसऱ्या दिवशी चिंधूजी पुन्हा गेला. "वास भरला दारात," यमुना म्हणाली आणि थांबली.

"नाव घे न वं," बाया म्हणाल्या. बांगड्या वाजल्या. ती गप्पच.

पंकजनं जुनी नोंद परत टाकली. तिनं नाव घेतलं. नवी टाकली. ती थांबली.

"आवाजाला तर मी हात पण नाही लावला, काकाजी."

"राहू दे तिचंच नाव. मी ऐकून राहिलो."

तो रोज जाऊ लागला. बायांचं खिदळणं कमी होत गेलं. मग बांगड्याही थांबल्या. सगळ्या जणी दारात उभ्या राहून वाट पाहत असाव्यात, असं वाटे.

काल त्या शांततेत यमुना अगदी जवळून बोलली.

"घेऊ का?"

पंकजनं चिंधूजीकडे पाहिलं.

हो म्हटलं, तर ती नाव घेऊन आत जाईल; चिंधूजीनं अजून उत्तर दिलेलं नाही.