तिसरा टोला

"उठा. ही माझी जागा आहे."

खुर्चीतला तरुण मात्र उठेना. त्याने वर पाहिलं, पाहिलं ते पाहतच राहिला, आणि मग आपला मोबाईल तिच्यासमोर धरला. ऑफिसच्या ॲपवर खिडकीजवळचं तेच टेबल, तोच नंबर, त्याच्याही नावावर.

"एकच जागा दोघांना?" ती म्हणाली. "रोज ऑफिसला या म्हणून फर्मान काढता येतं, खुर्च्या मोजता येत नाहीत. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. बसमध्ये उभी राहून आले, आता इथेही उभीच राहू?"

तो हसला. बोलला मात्र एक शब्द नाही. लॅपटॉप डावीकडे सरकवला, कुठूनशी एक खुर्ची ओढून आणली आणि अर्धं टेबल तिला मोकळं करून दिलं.

मुका आहे की काय बिचारा... तिला वाटलं. डोळे मात्र भारी बोलके आहेत, हेही तिने पाहून घेतलं. पाहणं हा तिचा धंदाच होता.

सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, ही तिची नोकरी. तिच्या नजरेतून काही सुटत नसे, म्हणून टीममध्ये तिचं नाव पडलं होतं चाळणी. दोन वर्षं तिने हे काम घरून, बाबांच्या पलंगाशेजारी बसून केलं. अर्धांगवायूने बाबांची वाचा गेली होती. राहिला होता डावा हात, एक चमचा आणि स्टीलचा पेला. एक टोला म्हणजे पाणी. दोन म्हणजे इकडे ये. तीन म्हणजे झकास. देवाने बोलणं काढून घेतलं, पण बोलायची हौस ठेवली.

मग फर्मान आलं — पाचही दिवस ऑफिस. एकत्र बसलं की कल्पना सुचतात म्हणे. आज पहिल्या दिवशी आत्या बाबांजवळ होती, पण आत्यालाही तिचं घर होतं. दुपारनंतर घरून काम करू द्या, असा अर्ज चाळणीने दिला होता. नकार आला तर राजीनामा. तोही लिहून लॅपटॉपमध्ये तयार होता.

मीटिंग सुरू झाली. मीटिंग तरी कसली — सगळी टीम एकाच मजल्यावर, साहेब काचेच्या केबिनमध्ये, आणि जो तो हेडफोन लावून स्क्रीनशी बोलतोय. भजनाला जमायचं आणि टाळ ज्याने त्याने आपापल्या पिशवीत वाजवायचे, तशातली गत.

"मौनीबाबा, आहात का?" साहेबांनी विचारलं.

मौनीबाबा म्हणजे टीमचा प्रोग्रॅमर. कॅमेरा कायम बंद, बोलणं मोजकं, नेट दळभद्री. चुका ती काढायची, दुरुस्त तो करायचा. चेहरा तिने कधी पाहिला नव्हता; पण तो खालच्या पट्टीतला, जरासा घोगरा आवाज...

"आहे."

दोनदा आला तो आवाज. एकदा तिच्या कोपराजवळून, आणि क्षणभराने कानात.

तिने माईक बंद केला, हेडफोन मानेवर घेतले आणि सावकाश डावीकडे वळली.

"तुम्ही?"

"मी." त्याचाही माईक बंद झाला होता. "तुमच्या पहिल्या 'उठा'लाच ओळखलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही थांबलात कुठे?"

तिला हसू आवरेना. "आणि नेट बरं चाललंय आज. एरवी ऐन मीटिंगमध्ये जातं... किती बोलले असेन मी तुम्हाला त्यावरून."

"आज चमचा वाजला नाही ना."

"म्हणजे?"

"तुमच्या मागून दोन टोले ऐकू आले की तुम्ही अडखळायचात. उठता येत नसे, बसवत नसे..." तो टेबलाकडे बघत राहिला. "म्हणून मग माझं नेट जायचं. सगळे थांबायचे. तुम्ही जाऊन यायचात."

चाळणीतून एवढी मोठी गोष्ट दोन वर्षं गळत होती... ज्या देवाने बाबांची वाचा नेली त्यानेच असा ऐकणारा धाडला होता, आणि ती त्याला नेट बदला म्हणून सुनावत होती.

"चाळणी," साहेबांचा आवाज आला, "तुमचा अर्ज वाचला. वाईट वाटतं, पण नियम सगळ्यांना सारखा."

तिचं बोट राजीनाम्याकडे गेलं... आणि मागे आलं. हेडफोन काढून ती उभी राहिली आणि केबिनच्या काचेकडे तोंड करून मोकळ्या गळ्याने बोलली. रोज सापडलेल्या चुका टीमला कळवायची, अगदी तशीच.

"साहेब, तुमच्या नियमात चूक सापडलीय. काय व्हायला हवं होतं — माणसं एकत्र बसून बोलतील. काय होतंय — एका खोलीत बसून स्क्रीनमधून बोलतायत. खात्री कशी करायची — केबिनबाहेर डोकवा. चूक किती गंभीर — उद्यापासून माझे बाबा घरी एकटे. उपाय — मला दुपारनंतर घरी जाऊ द्या. माझ्यामुळे काम कधी अडलं असेल तर दाखवा."

कुणीतरी खुदकन हसलं. मग मौनीबाबा उभा राहिला.

"माझ्या चुका या पकडतात म्हणून आपली अब्रू शाबूत आहे," तो म्हणाला. "या गेल्या तर त्या ग्राहक पकडतील."

एकेक हेडफोन उतरला. साहेब स्वतः केबिनचं दार उघडून बाहेर आले.

"ठीक आहे. दुपारपर्यंत इथे, मग घरून. बघू काही महिने."

"'बघू' नको, साहेब. लेखी द्या," ती म्हणाली.

त्यांनी दिलं.

दुपारी ती जिना उतरत होती, तर मागून पावलं वाजली.

"तुम्ही कुठे?"

"चमचा बघायला. रजा टाकलीय."

"साहेबांना कळलं तर म्हणतील, बघा, ऑफिसला आल्याचा फायदा."

"म्हणून तर सांगू नकोस... नका." त्याची जीभ अडखळली.

"नकोस चालेल," ती म्हणाली.

बाहेर भुरभुर पाऊस होता आणि छत्री एकच. ती त्याने धरली, आणि अशी धरली की त्याचा एक खांदा भिजून गडद झाला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "तुझा आवाज ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. तर... मी असाच येत राहिलो तर? कायमचं म्हणतोय मी."

"तपासून सांगते," ती म्हणाली. पण छत्रीखाली जराशी सरकली.

दार आत्याने उघडलं. "हा कोण गं?"

"ऑफिसातला."

"असं ऑफिस असेल तर रोज जा, बाई."

पलंगावरून बाबांनी पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग चमचा उचलला. टण्... टण्.

ती अर्थ सांगायला गेली, पण तोवर तो पलंगापाशी पोचलासुद्धा होता. बाबांच्या शेजारी बसून म्हणाला, "तुमचा आवाज ओळखतो मी, बाबा."

बाबांनी लेकीकडे पाहिलं. विचारत होते.

तिने त्यांच्या हातातून चमचा घेतला आणि मौनीबाबाच्या डोळ्यांत बघत पेल्यावर टोला दिला. एक. दोन... आणि त्याचा श्वास अडकलाय हे नीट पाहून घेऊन, तिसरा.